आधी कागद, मग फोन: तब्येतीचा प्रश्न इंटरनेटवर नेण्याची नीट रीत

इंदूरला एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसून मी बावीस वर्षं लोकांच्या हातात रिपोर्ट दिले. आता रामबागेतल्या घरी संध्याकाळी कोणी ना कोणी येतंच. एका हातात फोन, दुसऱ्या हातात चुरगळलेली रिपोर्टची पिशवी. "ताई, गूगलवर तर कॅन्सर दाखवतंय हो!" परवा आलेल्या काकूंच्या सोनोग्राफीत लिहिलं होतं "ग्रेड वन फॅटी लिव्हर". यकृतात थोडी चरबी साठली आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण 'ग्रेड' म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे वेगळंच आलं आणि दोन रात्री त्यांना झोप नव्हती.

इथे लोकांची बुद्धी कमी पडत नाही, क्रम चुकतो. आधी लक्षण टाइप होतं, मग भीती वाटते, मग दिसेल त्या नंबरवर फोन जातो आणि कागद सगळ्यात शेवटी उघडतात. हा क्रम उलटा करायचा आहे. टप्पे मागेपुढे करू नका.

टप्पा १: हे काम १०८ चं तर नाही ना?

पुढच्यापैकी एकही गोष्ट असेल तर काहीही शोधत बसायचं नाही, थेट १०८ लावायचा:

- छातीवर दाब किंवा दुखणं, सोबत घाम, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं
- तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात खाली पडणं, बोली जड होणं
- धाप इतकी की एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही
- बेशुद्धी, किंवा पाच मिनिटांत न थांबणारी आकडी
- न थांबणारा रक्तस्राव, साप चावणं
- तान्हं बाळ दूध ओढत नाही, मलूल पडलंय

तोंड वाकडं झालं असेल तर घड्याळ बघून वेळ कागदावर लिहा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. म्हणून डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, "शेवटचं ठीक कधी होते?" तिथे "सकाळपासून जरा असंच" हे उत्तर उपयोगाचं नाही.

> सावधान: "एकटे असताना हार्ट अटॅक आला तर जोरजोरात खोका" हा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी फिरतो. तो खोटा आहे. खोकण्यात गेलेली मिनिटं परत मिळत नाहीत.

टप्पा २: एका पानाची फाइल

वही नको, एकच पान. त्यावर चार गोष्टी: रोजची औषधं, कोणत्या औषधाची ॲलर्जी, जुने आजार आणि ऑपरेशनं, आणि आत्ताची तक्रार कोणत्या तारखेला सुरू झाली. औषधं आठवून लिहू नका, पट्टी समोर ठेवून लिहा. ब्रँडचं नाव, त्याखाली बारीक अक्षरात छापलेला घटक, मात्रा, आणि दिवसातून किती वेळा. "पांढरी छोटी, बीपीची" असं लिहिलेली पानं मी खूप पाहिली. बीपीच्या अर्ध्या गोळ्या पांढऱ्या आणि छोट्याच असतात.

आता इंदूरच्या आपल्या मराठी लोकांची खास अडचण, तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. हिंदी कागदांवर 'ळ' चा 'ल' होतो. काळे बाई आधारवर 'काले', लॅबच्या बिलावर 'काळे', दवाखान्याच्या पावतीवर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त. त्यात आपण मधलं नाव लावतो: लग्नाआधी वडिलांचं, नंतर नवऱ्याचं. इथल्या काउंटरवर बरेचदा फक्त नाव आणि आडनाव टाकतात. मग एकाच बाईच्या तीन फायली होतात आणि मागच्या वर्षीचा रिपोर्ट "सापडत नाही". तो सापडतो, दुसऱ्या नावाने.

> तपासा: आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक) आणि दवाखान्याचं कार्ड शेजारी ठेवा. तिन्हीवर नाव, जन्मवर्ष आणि मोबाइल नंबर सारखा आहे का? नसेल तर आधी आधार दुरुस्त करा, मग त्याप्रमाणे बाकीचे. यापुढे नोंदणीत आधारवरचंच नाव द्या, अक्षर न् अक्षर.

टप्पा ३: फोनची तयारी

याला दहा मिनिटं लागतात. स्क्रीनला लॉक लावा. आधारला जोडलेला नंबर याच फोनमध्ये चालू आहे का ते पाहा, कारण ओटीपी तिथेच येतो. बाबांचा आधार पुण्याच्या मुलाच्या जुन्या नंबराला जोडलेला, आणि तो नंबर कधीच बंद झालेला, ही गोष्ट मी इतक्या घरांत पाहिली आहे की पहिला प्रश्न तोच विचारते.

रिपोर्टचा फोटो खिडकीजवळ, दिवसाउजेडी घ्या. कागद सपाट, चारही कोपरे आत. फोटोला नाव द्या: तारीख, व्यक्ती, तपासणी. नाहीतर सहा महिन्यांनी तो गुड मॉर्निंगच्या फुलांमध्ये हरवतो.

टप्पा ४: योग्य शब्द धरणं

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू.

आपण घरात मराठी बोलतो, डॉक्टरांशी हिंदी, आणि रिपोर्ट इंग्रजीत येतो. फोनला यातलं काही ठाऊक नसतं. माईकवर "नागीण झाली" म्हणा, साप आणि सिनेमे समोर येतील. ज्याला आपण नागीण म्हणतो त्याचं नाव हर्पिस झोस्टर. "उन्हाळी लागली" म्हणा, तर सुट्टीत कुठे फिरायला जावं ते येईल. लघवीला जळजळ होते असं म्हणायला हवं होतं.

'पित्त' हा शब्द तर तीन ठिकाणी नेतो. "पित्त झालं" म्हणजे ॲसिडिटी. "अंगावर पित्त उठलं" म्हणजे गांधी, इंग्रजीत अर्टिकेरिया. आणि हिंदी पानावर 'पित्त' म्हणजे यकृतातून येणारा पाचक रस, म्हणजे गोष्ट पित्ताशयाकडे गेली. अंगावर पित्त उठलेला माणूस पित्ताशयाच्या ऑपरेशनबद्दल वाचत बसलेला मी पाहिला आहे.

'पथरी' त्याहून घातक. आपला मुतखडा वेगळा आणि पित्ताशयातला खडा वेगळा, पण हिंदीत दोन्ही पथरीच. मुतखड्यासाठी भरपूर पाणी पिण्याचा सल्ला बरोबर आहे. पित्ताशयातला खडा पाण्याने वाहून जात नाही. पोटात उजवीकडे वर कळ येत असताना, ताप असताना, "पथरी के घरेलू नुस्खे" वाचून चार दिवस पाणी पीत राहणं जिवावर बेतू शकतं.

आणि 'हार्ट फेल'. आपण एखाद्याचं एकदम जाणं सांगताना म्हणतो, हार्ट फेलनं गेले. रिपोर्टवरच्या 'हार्ट फेल्युअर' चा अर्थ असा की हृदय पुरेशा जोरानं रक्त ढकलत नाही. त्यावर औषधं आहेत, माणूस त्यासोबत वर्षानुवर्षं जगतो. तो शब्द वाचून रडू कोसळलेल्या मुलीला मी काउंटरच्या आत बोलावून पाणी दिलं होतं.

म्हणून शोधाआधी असं करा:

१. तक्रार घरच्या मराठीत पूर्ण वाक्यात लिहा. कुठे, केव्हापासून, कशाने वाढते.
२. डॉक्टरांच्या कागदावर निदानाचं इंग्रजी नाव असेल तर तेच अक्षर न् अक्षर उतरवा. अक्षर लागत नसेल तर औषधाच्या दुकानात अंदाज विचारू नका, डॉक्टरांच्या कंपाउंडरला विचारा.
३. निदान झालंच नसेल तर आजाराचं नाव टाकू नका, लक्षण टाका. "थायरॉइडने पाय सुजतात का" असं विचारलंत तर थायरॉइडचीच पानं येणार. "दोन्ही पाय संध्याकाळी सुजतात, कारणं" असं विचारा.
४. टाइप करा. माईकवर मराठी-हिंदी मिसळलं की शब्द बदलतो आणि आपल्याला कळतही नाही.

टप्पा ५: पानाची पारख

वरची एक-दोन उत्तरं 'प्रायोजित' किंवा 'स्पॉन्सर्ड' असतील तर ती जाहिरात आहे, ती सोडा. हल्ली सगळ्यात वर यंत्राने तयार केलेला सारांशही येतो. त्याचा उपयोग शब्द समजण्यापुरता करा. एआय चॅटबॉटलाही हेच लागू: "या शब्दाचा अर्थ सोप्या मराठीत सांग" असं जरूर विचारा, पण "गोळी अर्धी करू का" हे त्याला विचारायचं नाही. त्यात नाव, आधार, फोन नंबर कधीच टाकू नका.

मग पत्ता वाचा. भारत सरकारच्या पानाच्या पत्त्यात पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या लगेच आधी 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असतं. 'जीओव्ही' मधेच कुठेतरी आणि शेवटी 'डॉट कॉम' असेल तर ते सरकारी नाही. आजाराच्या माहितीसाठी जागतिक आरोग्य संघटना, अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचं मेडलाइनप्लस आणि ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची, म्हणजे एनएचएसची पानं भरवशाची आहेत.

> सावधान: ब्रिटनच्या पानांवर साखर वेगळ्या एककात असते. तिथली ७ म्हणजे आपल्याकडची १२६, कारण त्या आकड्याला १८ ने गुणावं लागतं. "माझी १२६, तिथे तर ७ लिहिलंय" म्हणून घाबरलेले लोक दर महिन्याला भेटतात. आकड्याआधी एकक वाचा.

शेवटी, पान काही विकतंय का? मधुमेह "मुळापासून" घालवणारा काढा, आणि खाली 'आजच मागवा'. पान तिथेच बंद करा.

टप्पा ६: रिपोर्ट वाचणं

रिपोर्ट हातात आल्यावर आकड्याकडे धावू नका. आधी नाव, वय, तारीख आणि नमुना किती वाजता घेतला ते पाहा. मग आकडा, मग एकक, मग शेजारची संदर्भ मर्यादा. ही मर्यादा लॅबप्रमाणे बदलते, म्हणून दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून "वाढलं, कमी झालं" ठरवू नका.

'निगेटिव्ह' म्हणजे वाईट नव्हे, शोधलं ते सापडलं नाही. सोनोग्राफीत 'अनरिमार्केबल' म्हणजे खटकण्यासारखं काही नाही. एचबीए१सी हा मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज: ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ उंबरठ्यावर, ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह, पण निदान डॉक्टर पुन्हा तपासून पक्कं करतात. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर हा आकडा फसवा निघू शकतो.

काउंटरवर शिकलेल्या दोन गोष्टी सांगते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. नमुना देण्याआधी लॅबला सांगा, गोळी किती दिवस बंद ठेवायची ते विचारा. दुसरी, पोटॅशियम एकदम जास्त आलं आणि रिपोर्टवर 'हिमोलाइज्ड' असं लिहिलं असेल तर नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्या आहेत. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवून नमुना पुन्हा द्या.

> तपासा: रिपोर्ट वाचून तुमच्याकडे निष्कर्ष तयार झाला की प्रश्न? निष्कर्ष असेल तर पुन्हा वाचा. जास्तीत जास्त तीन प्रश्न कागदावर काढा.

टप्पा ७: औषधाचं नाव

ब्रँड नव्हे, घटक शोधा. डोलो ६५० आणि क्रोसिन दोन्हीत पॅरासिटामॉलच. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही तेच. तापात तिन्ही घेणारा माणूस समजतो की आपण तीन वेगळी औषधं घेतली. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसात सगळं मिळून चार ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल जाता कामा नये, यकृताला इजा होते. यकृत आधीच नाजूक असेल, दारू असेल, वजन कमी असेल तर मर्यादा आणखी खाली. ती डॉक्टर सांगतील.

पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. किंमत पाहायला सरकारचं 'फार्मा सही दाम' ॲप आहे, स्वस्त पर्याय आणि जवळचं केंद्र पाहायला 'जनऔषधी सुगम'. दवा बाजारात जाण्याआधी घरीच पाहून जा. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड छापणं सक्तीचं आहे. स्कॅन केल्यावर येणारा बॅच नंबर आणि मुदत पट्टीशी जुळते का, ते बघा.

टप्पा ८: फोन नंबर शोधू नका

हे वाचून विचित्र वाटेल, पण दवाखान्याचा किंवा लॅबचा नंबर गूगलवर शोधणं हीच सगळ्यात महाग चूक ठरते.

आमच्या ओळखीच्या एका काकांना डॉक्टरांची वेळ घ्यायची होती. नाव टाकलं, वर आलेल्या नंबरवर फोन लावला. पलीकडचा माणूस फार अदबीने बोलला. "बाबूजी, दस रुपये का रजिस्ट्रेशन है, लिंक भेज रहा हूँ." लिंकमधून एक ॲप उतरलं. त्या ॲपमुळे काकांची स्क्रीन पलीकडे दिसू लागली. काकांनी दहा रुपये भरताना पिन दाबला आणि संध्याकाळपर्यंत खात्यातून पेन्शनचे दोन महिने गेले. ते दवाखान्यात भांडायला गेले, तर तिथे त्या नंबराचं कोणाला नावही माहीत नव्हतं.

क्रम असा ठेवा:

१. नंबर घ्यायचा तो जुन्या बिलावरून, फाइलच्या पुठ्ठ्यावरून किंवा दवाखान्याच्या पाटीवरून. आजच चार नंबर नावानिशी सेव्ह करा.
२. वेळ घेण्यासाठी कोणी ॲप उतरवायला सांगितलं, व्हॉट्सॲपवर फाइल पाठवली, तर फोन ठेवा. शेवटी 'एपीके' असलेली फाइल तर उघडायचीच नाही.
३. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन दाबला म्हणजे पैसे जाणार.
४. ओटीपी कोणालाही नाही. "रिपोर्ट पाठवायला ओटीपी सांगा" म्हणणाऱ्यालाही नाही.

फसलात तर लाजेने गप्प बसू नका. फोनचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं थांबवा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार नोंदवा. जितक्या लवकर, तितकी पैसे वाटेत अडण्याची शक्यता जास्त.

टप्पा ९: आभा वेगळं, आयुष्मान वेगळं

दोन्ही कार्डं एकच समजून लोक दवाखान्यात वाद घालतात. आभा हा १४ अंकी क्रमांक. तो तुमच्या वैद्यकीय नोंदी एकमेकींना जोडतो, त्यातून एक रुपयाचाही उपचार मिळत नाही. आयुष्मान कार्ड म्हणजे उपचाराचं संरक्षण, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्याहून जास्त वयाच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, ते मिळतं. पेन्शनीत असलेल्या आपल्या कितीतरी आजी-आजोबांना हे माहीतच नाही, म्हणून आवर्जून सांगते.

आयुष्मान कार्ड 'बेनिफिशियरी डॉट एनएचए डॉट जीओव्ही डॉट इन' वर किंवा आयुष्मान ॲपमध्ये आधारच्या ओटीपीने निघतं. शंका असेल तर १४५५५. आभा बनवणं ऐच्छिक आणि मोफत आहे. ज्या दवाखान्यांत ओपीडीच्या खिडकीजवळ आभाचा क्यूआर लावलेला असतो, तिथे तो स्कॅन केला की टोकन मिळतं आणि रांग वाचते.

> तपासा: आई आणि बाबांचे आभा क्रमांक वेगळे बनवलेत ना? एका मोबाइलवर दोघांचे असू शकतात, पण रिपोर्ट जोडताना चुकून दुसऱ्याच्या नावावर जोडला जातो. जोडण्याआधी वरचं नाव मोठ्याने वाचा. नोंदी पाहायची संमती कोणी मागितली, तर कोणत्या दवाखान्याने आणि किती दिवसांसाठी, ते वाचूनच द्या. दिलेली संमती परत घेता येते.

टप्पा १०: पडद्यावरचे डॉक्टर

फोनवरून डॉक्टरांशी बोलण्याची सरकारची ई-संजीवनी सेवा मोफत आहे. मन खचलं असेल, झोप उडाली असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर कुठल्याही वेळी चालतो.

खिडकीकडे तोंड करून बसा, पाठ करून नाही. पाठीमागून उजेड आला की डॉक्टरांना डोळ्यांतली कावीळ दिसत नाही. ते एक पान, औषधाच्या पट्ट्या, बीपीचा आणि तापाचा ताजा आकडा जवळ ठेवा. बोलायचं आजारी माणसानेच. मुलगा अमेरिकेतून कॉलवर असला, तरी त्याने ऐकावं, शेवटी प्रश्न विचारावेत. दुखतंय कुठे हे आईलाच माहीत असतं, आणि मुलाच्या घाईत तिचं "तसं काही नाही रे" एवढंच ऐकू येतं.

चिठ्ठीवर डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. झोपेच्या आणि सवय लागणाऱ्या काही गोळ्या पडद्यावरून लिहून देता येत नाहीत, त्यासाठी हट्ट करू नका. कॉल संपण्याआधी वाचून दाखवा: कोणती गोळी, किती दिवस, कशाने बिघडलं तर प्रत्यक्ष यायचं.

टप्पा ११: परत कागदावर

दवाखान्यातून आल्यावर, चहाआधी, ते पान काढा. बंद झालेल्या औषधावर रेघ मारून तारीख घाला, नवं औषध खाली लिहा. पानाचा नवा फोटो काढा, जुना डिलीट करा आणि घरातल्या एकाच जबाबदार माणसाला पाठवा. नातलगांच्या मोठ्या ग्रुपवर नको. मूळ पान फ्रिजच्या दाराला लावा, कारण रात्री दोन वाजता शेजारी धावून येतील तेव्हा तुमच्या फोनचं लॉक त्यांना उघडता येणार नाही.